टॉवर भरलेला, नेट मात्र नाही: सिम बदलण्याआधी काय तपासायचं

पुण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: ‘माझे सासरे, नाना, बडोद्याला दांडिया बाजारात जुन्या वाड्यात एकटे राहतात. दिवाळीत त्यांना नवा अँड्रॉइड फोन घेऊन दिला. त्यात त्यांचं पूर्वीपासूनचं सिम आणि आम्ही पुण्याहून नेलेलं दुसरं, अशी दोन सिम आहेत. टॉवर भरलेला दिसतो, फोन लागतो, पण व्हॉट्सअॅप कधी चालतं तर कधी दिवसभर बंद. व्हिडिओ कॉल दोन मिनिटांत तुटतो. दुकानदार म्हणतो सिम बदला, भाचा म्हणतो फोन रिसेट करा. महिनाअखेरीस आम्ही दोन दिवस जाणार आहोत. तेवढ्यात काय काय करून घ्यावं?’

ताई, दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. फोन रिसेट केला तर नानांचे फोटो, बँकेचं अॅप, जुने मेसेज सगळं पुसलं जाईल आणि एवढं करून नेट येईलच असं नाही. सिम बदललं तर पुढचे २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. दुसऱ्याच्या नावावर सिम काढून खातं रिकामं करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून दूरसंचार विभागाने २०२२ च्या अखेरीस तसा नियम केला. म्हणजे तेवढा वेळ ओटीपी बंद, पर्यायाने बँक बंद. शिवाय १ जुलै २०२४ पासून, सिम बदलल्यावर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येत नाही. तुमच्या दोन दिवसांतला एक यातच जायचा. सिम बदलायची वेळ येऊही शकते, पण ती तपासून ठरवायची. दुकानदाराने काउंटरमागून सांगितलं म्हणून नाही.

मी बडोद्यातच, रावपुऱ्यात बरीच वर्षं हेच काम करतो. ‘नेट येत नाही’ म्हणून जे फोन माझ्यासमोर येतात त्यातले बहुतेक बिघडलेले नसतातच. अडलेलं असतं चारपैकी एका ठिकाणी: सिममध्ये, रिचार्ज आणि बटणांमध्ये, एपीएन नावाच्या सेटिंगमध्ये, नाहीतर घराच्या भिंतीत. नानांच्या बाबतीत माझा संशय शेवटच्यावर आहे. तरी आधी बाकीची तीन तपासून घेऊ, कारण ती फुकटात आणि पंधरा मिनिटांत तपासून होतात.

पहिलं काम तर इथे येण्याआधी, पुण्यातूनच होईल. नानांना साधा फोन लावा, वायफाय बंद करायला सांगा आणि स्क्रीनच्या वरच्या पट्टीत काय दिसतंय ते वाचून दाखवायला सांगा. वायफाय बंद करणं महत्त्वाचं, कारण ते चालू असताना टॉवरजवळची ४जी-५जी ही अक्षरं बऱ्याच फोनमध्ये गायब होतात आणि माणूस उगाच घाबरतो. अक्षर दिसत असेल तर फोन इंटरनेटपर्यंत पोचतोय, पण वाटेत काहीतरी तोकडं पडतंय. काड्या भरलेल्या आणि अक्षरच नाही, तर डेटा बंद आहे किंवा एपीएन चुकलंय. काड्यांवर बारीक फुली किंवा उद्गारचिन्ह, तरी तेच. ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ असं आलं तर मात्र सिम नेटवर्कवर नोंदलंच गेलेलं नाही, मग नेटचा प्रश्नच पुढचा. मात्र फोन लागतोय असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा ही शक्यता सोडून देऊ.

आता रिचार्ज. तुम्हाला वाटेल, रिचार्ज तर मीच करते. पण कोणता? डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक ठेवणं बंधनकारक केलं आणि जानेवारी २०२५ पासून ते बाजारात आले. साधा फोन वापरणाऱ्यांसाठी सोय चांगली आहे. पण वडीलधाऱ्यांचं रिचार्ज करताना ‘कॉलपुरतं पुरे’ म्हणून लांब मुदतीचा हा पॅक मारला जातो, नंतर त्यांच्या हातात स्मार्टफोन येतो आणि पॅक बदलायचं कुणाच्या लक्षातच येत नाही. टॉवर भरलेला, कॉल चालू, नेट नाही, हे सगळं त्यात बरोब्बर बसतं. कंपनीच्या अॅपमध्ये पॅकचं नाव आणि त्यातला डेटा किती ते दोन्ही सिमचं बघून घ्या.

‘कधी चालतं, कधी दिवसभर बंद’ याचा एक धागा रोजच्या मर्यादेकडेही जातो. दिवसाचा डेटा संपला की नेट तोडत नाहीत, वेग पाडतात. बहुतेक पॅकमध्ये तो ६४ केबीपीएसवर येतो. एवढ्या वेगात व्हॉट्सअॅपचा लेखी मेसेज रडतखडत जातो, फोटो गोल फिरत राहतो, व्हिडिओ कॉल विसराच. मग रात्री १२ नंतर पुन्हा सगळं सुरळीत. नाना सकाळी ‘चालतंय की’ म्हणत असतील आणि दुपारनंतर तक्रार करत असतील तर इथेच पाहा. घरात एकट्या माणसाचा डेटा कोण खातं? व्हॉट्सअॅप. सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये मोबाइल डेटावर आपोआप उतरणारे व्हिडिओ बंद करा. भजनी मंडळाचे, सोसायटीचे, माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप मिळून सकाळच्या शुभेच्छांतच अर्धा डेटा संपवतात.

बटणांकडे या. दोन सिमच्या फोनमध्ये डेटा एका वेळी एकाच सिमवर चालतो आणि तो कोणत्या, हे सेटिंग्जमध्ये निवडलेलं असतं. माझ्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी अडचण हीच: डेटा निवडलाय दुसऱ्या सिमवर आणि डेटाचं रिचार्ज आहे पहिल्यावर. ‘सिम्स’ किंवा ‘मोबाइल नेटवर्क’ उघडा, डेटाच्या पॅकवालं सिम नक्की करा. काही फोनमध्ये ‘ऑटो डेटा स्विचिंग’ असतं, म्हणजे एक सिम कमजोर पडलं की फोन स्वतःहून दुसऱ्यावर जातो. नानांसारख्यांसाठी ते बंदच ठेवलेलं बरं. कधी चालू, कधी बंद याचं कोडं त्यामुळेही पडतं.

त्याच पानावर ‘ऑटोमॅटिकली सिलेक्ट नेटवर्क’ चालू आहे ना, तेही बघा. कुणीतरी प्रयोग म्हणून ते हाताने निवडून ठेवतं आणि विसरतं. टॉवरशेजारी इंग्रजी आर दिसत असेल तर फोन रोमिंगवर आहे. देशातल्या देशात नेहमीच्या पॅकवर डेटा रोमिंगला वेगळे पैसे पडत नाहीत, तेव्हा ते बटण बिनदिक्कत चालू ठेवा. परदेशी जाताना मात्र आधी बंद, मग विमान. पुण्याचं सिम गुजरातमध्ये चालणार नाही ही भीती जुनी झाली. फार तर रेल्वेने येताना उंबरगावच्या आसपास सर्कल (मोबाइल सेवेचा विभाग) बदलतं तिथे डेटा अडकतो. दहा सेकंद फ्लाइट मोड लावून काढला की सुटतो.

डेटा सेव्हर, बॅटरी सेव्हर, व्हीपीएन (नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारी सोय) आणि प्रायव्हेट डीएनएस (वेबसाइटचा पत्ता शोधायची सेटिंग) या चारांवर एकदा नजर टाका. पट्टीत किल्लीचं चित्र दिसलं तर व्हीपीएन चालू आहे. ते नानांनी लावलं नसणार, कुठल्या तरी ‘फोन फास्ट करा’छाप अॅपने लावलं असेल. ते अॅपच काढून टाका. प्रायव्हेट डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. आणि तारीख-वेळ. फोनचं घड्याळ मागेपुढे झालं की वेबसाइटच्या सुरक्षेचा दाखला फोनला खोटा वाटतो आणि नेट असून पानं उघडत नाहीत. ‘नेटवर्कवरून वेळ घ्या’ हे चालू असलं की झालं.

आता सिम. नानांचं सिम पूर्वीपासूनचं म्हणता, म्हणजे ते बाहेर काढून डोळ्यांनी बघाच. फोन बंद करून पिनेने ट्रे उघडा. ते सिम कधीकाळी मोठ्या आकाराचं होतं आणि कटरने कापून नॅनो केलंय का? कडा तिरक्या, सोनेरी चकतीच्या अगदी लगत कापलेल्या दिसल्या तर समजा की हो. अशा सिममध्ये दोन खोडी असतात. एक जाडीची. मूळ मोठं सिम ०.७६ मिलिमीटर जाड असतं, नॅनो ०.६७. फरक नखाएवढाही नाही, पण ट्रे घट्ट बसतो, पत्र्याच्या दातांवर दाब वाकडातिकडा पडतो आणि फोन जरा हलला की ‘नो सिम’ येतं. दुसरी खोड मोठी: ते सिम २जीच्या काळातलं असलं तर त्यात ४जीला लागणारी ओळखपत्राची सोयच नसते. कॉल लागतो, कारण तो जुन्या २जीवर जातो. नेट मात्र ‘ई’ या, म्हणजे २जीच्या संथ नेटच्या, अक्षरावर घुटमळतं. बीएसएनएलची जुनी सिम बाळगणारी मंडळी बडोद्यात अजून पुष्कळ आहेत. बीएसएनएलची स्वदेशी ४जी सेवा सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झाली, पण जुन्या सिमवर ती येणार नाही, सिम ४जीचं करून घ्यावं लागतं.

असं कापलेलं किंवा २जीचं सिम निघालं तरच बदला. कंपनीच्या स्वतःच्या दुकानात जा, नानांना आणि आधारला सोबत न्या. सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच तिथे उभं राहावं लागतं, आणि इथेच खरा घोळ होतो. अनेक आजी-आजोबांची सिम मुलाच्या, पुतण्याच्या, कधी वारलेल्या नवऱ्याच्या नावावर असतात. कोणाच्या नावावर आहे ते निघण्याआधीच घरी विचारून घ्या. सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर नंबर आणि ओटीपी टाकला की त्याच नावावरचे इतर नंबरही दिसतात, त्यात अनोळखी नंबर निघाला तर तिथूनच कळवता येतो. सिम बदलायचा दिवस मात्र पेन्शनचा, मुदतठेवीचा किंवा वीजबिलाच्या शेवटच्या तारखेचा नको. सोमवारी सकाळी बदललं तर मंगळवार दुपारपर्यंत ओटीपीची वाट बघू नये.

पुण्याहून नेलेलं सिम नवं असेल तर त्याला यातलं काही लागू नाही.

एपीएनबद्दल एवढं लक्षात ठेवा की ते कंपनीच्या इंटरनेटच्या फाटकाचं नाव आहे. सिम घातलं की फोन बहुधा ते आपोआप भरतो. चुकतं ते तीन वेळा: फोन परदेशातून आलेला असतो, कुणी हात लावून खोडलेलं असतं, किंवा नंबर पोर्ट होऊन कंपनी बदललेली असते आणि फोन जुन्याच फाटकावर उभा असतो. सेटिंग्जच्या शोधाच्या चौकटीत इंग्रजीत एपीएन टाइप करा, म्हणजे मेनू शोधत बसावं लागणार नाही. आमच्याकडे बरेच दुकानदार नवा फोन गुजराती भाषेत लावून देतात आणि पुण्याच्या माणसाची तिथे गाडी अडते, तेव्हा ही शोधाची चौकट फार उपयोगी. उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत ‘रिसेट टू डिफॉल्ट’ आहे, आधी ते दाबा. दहातल्या आठ वेळा तिथेच काम होतं. नाही झालं तर अधिक चिन्ह दाबून नवं भरा. जिओसाठी ‘जिओनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, व्हीआयसाठी तीन वेळा डब्ल्यू, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. युजरनेम-पासवर्ड रिकामं. ‘एपीएन प्रोटोकॉल’मध्ये आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही असलेला पर्याय निवडा, जिओचं जाळं मुख्यतः आयपीव्ही६ वर चालतं, तिथे नुसतं आयपीव्ही४ ठेवलं तर अडतं. नवं भरल्यावर त्यासमोरचा गोल निवडायला विसरू नका आणि यादीत ‘आयएमएस’ नावाची नोंद दिसली तर तिला हात लावू नका. ती व्होल्टी, म्हणजे ४जीवरून होणाऱ्या कॉलची आहे. उडवली की नेट येईल आणि कॉल जाईल.

इथे थोडं विषयांतर, पण बडोद्यात करावंच लागतं. प्रत्येक दुसऱ्या घरात कुणी ना कुणी अमेरिकेत असतं आणि त्याचा जुना आयफोन इथे काका-काकूंना येतो. दोन गोष्टी विचारल्याशिवाय तो घेऊ नका. एक, तो तिकडच्या कंपनीला बांधलेला आहे का. बांधलेला असेल तर इथलं कुठलंच सिम चालणार नाही आणि ती गाठ तिकडच्या कंपनीनेच सोडायची असते. मरीमाताच्या खांच्यात, म्हणजे इथल्या मोबाइलच्या बाजारात, कुणी ‘करून देतो’ म्हणालं तरी पैसे आगाऊ देऊ नका. दोन, मॉडेल कोणतं. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन १४ पासून पुढचे सिमच्या ट्रेशिवाय येतात, त्यांत फक्त ई-सिम चालतं. ई-सिम भरून घेताना फोनला इंटरनेट, बहुधा वायफाय, लागतं आणि कंपनीकडून येणारा क्यूआर कोड कुणालाही पुढे पाठवायचा नसतो. तो कोड म्हणजेच सिम. तुमच्या नानांचा फोन इथूनच घेतलेला दिसतो, तेव्हा पुढे जाऊ.

आता भिंत. दांडिया बाजार, कोठी, नवापुरा इथले वाडे ज्यांनी आतून पाहिलेत त्यांना सांगायला नको: दीड-दोन फुटी चुन्या-विटांच्या भिंती, ओटी, मग चौक, मग माजघर, त्यामागे देवघर. पुढच्या खोलीत बसून दुकानदाराने फोन तपासला तर तो उत्तमच चालणार. नाना मात्र दुपारी माजघरात पंख्याखाली असतात आणि व्हिडिओ कॉल तिथे येतो. काड्यांवर विश्वास ठेवू नका. किती ताकदीला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने ठरवते. खरा आकडा ‘अबाउट फोन’मधल्या ‘सिम स्टेटस’मध्ये ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’पुढे असतो, उणे चिन्हासह, डीबीएम या सिग्नलच्या मापात. उणे असल्यामुळे, चिन्ह सोडून आकडा जितका लहान तितका सिग्नल बरा. ४जीवर उणे ९० पर्यंत उत्तम. उणे १०० ते ११० मध्ये काम भागतं. उणे ११५ च्या पलीकडे (११६, ११७...) व्हिडिओ कॉलची आशा धरू नये.

नानांच्या हातात फोन देऊन ओटीवर आकडा वाचा, मग चौकात, मग माजघरात. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबा, कारण आकडा सावकाश बदलतो. समजा ओटीवर उणे ८८ आणि माजघरात उणे ११२ आले. फरक चोवीसचा दिसतो, पण हे मोजमाप असं आहे की दर दहाला ताकद दहापट घटते. चोवीस म्हणजे सुमारे अडीचशेपट. ओटीवर जेवढं पोचतं त्याचा अडीचशेवा हिस्सा माजघरात. हा आकडा एकदा डोळ्यांनी पाहिला की सिम बदलायचं खूळ आपोआप उतरतं. नवं सिम त्याच भिंतीमागे बसणार.

भिंतीशी कोणता सिग्नल कसा वागतो हेही बघा. लहरींची वारंवारता जितकी वरची तितकी ती भिंतीत जास्त विरते. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला आलं, त्याचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झचा. तो चौकात सुसाट पळतो आणि माजघराच्या उंबऱ्यावर दम तोडतो. ७००, ८५० आणि ९०० चे खालचे पट्टे भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात. नव्या फोनचा खोडसाळपणा असा की तो ५जीचा अगदी पुसट सिग्नलही सोडायला तयार नसतो. पकडतो, सुटतो, ४जीवर येतो, पुन्हा ५जीकडे धावतो. या धावपळीतच व्हिडिओ कॉल तुटतो आणि बॅटरीही उतरते. म्हणून ‘प्रिफर्ड नेटवर्क टाइप’मध्ये ५जी ऑटोऐवजी ४जी किंवा एलटीई (दोन्ही एकच) निवडा. नानांना सिनेमे उतरवायचे नाहीत. स्थिर ४जी त्यांना लटक्या ५जीपेक्षा हजारपट बरं. ‘ओन्ली’ असलेला पर्याय मात्र निवडू नका, २जी-३जीची वाट उघडी राहू द्या; जिओखेरीज बाकीच्या कंपन्यांचा कॉल अडचणीच्या वेळी २जीवर उतरतो.

दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं असेल तर त्याचेही आकडे त्याच तीन जागी घ्या. एका कंपनीचा टॉवर चौकाच्या बाजूला, दुसरीचा रस्त्याच्या बाजूला असं असतं. माजघरात ज्याचा आकडा बरा, डेटाचा पॅक त्याच सिमवर मारा. पैसे न घालवता होणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा, आणि दोन सिम असण्याचा हा एवढाच खरा फायदा.

तेवढ्यानेही भागलं नाही तर वाड्याला माझ्या मते एकच पक्कं औषध: फायबरचं साधं ब्रॉडबँड आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग. एअरटेलने वायफाय कॉलिंग डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलं. कॉलच्या सेटिंग्जमध्ये एक बटण आहे, ते चालू केलं की टॉवर नसतानाही नेहमीच्या नंबरवरून नेहमीसारखा कॉल वायफायवरून जातो-येतो. वेगळं अॅप नाही, देशातल्या कॉलला वेगळे पैसे नाहीत, नानांना काही शिकायचं नाही. सगळ्यात स्वस्त प्लॅन पुरेसा आहे.

फायबरवाला राउटर कुठे लावतो इकडे मात्र लक्ष ठेवा. तो दाराशी वायर संपते तिथे ठोकून मोकळा होतो, म्हणजे पुन्हा ओटीवरच. तीच भिंत, तोच प्रश्न. वीस फूट वायर जास्त मागा आणि राउटर माजघराच्या दारावर, उंच जागी लावून घ्या. राउटर दोन पट्टे देतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि दोघांना बहुधा वेगवेगळी नावं असतात. (हा पाच म्हणजे ५जी नव्हे.) वाड्यात २.४ चा जोडा. वेग कमी, पण भिंतीपलीकडे पोचतो. नानांच्या फोनमध्ये ५ चा जोडलेलाच ठेवू नका, नाहीतर फोन त्याच्याच मागे लागेल. राउटरला छोटा यूपीएस हवा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा काय झालं ते नानाच सांगतील. अशा मोठ्या संकटात टॉवरची बॅटरीही संपते. त्या वेळी सरकारने इंट्रा सर्कल रोमिंग सुरू करायला लावलं असेल तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही फोन चालतो, नेटवर्क हाताने निवडायची तीच एक वेळ.

ब्रॉडबँड नकोच असेल, तर घरातला एखादा जुना ४जी फोन माडीच्या खिडकीत चार्जरला लावून त्याचा हॉटस्पॉट कायम चालू ठेवायचा. देखणं नाही, पण चालतं. हॉटस्पॉटमध्ये ‘कुणी जोडलेलं नसेल तर बंद करा’ हे बटण बंद ठेवा, नाहीतर नाना बाहेर जाऊन आले की तो झोपलेला असतो.

सिग्नल बूस्टर नावाचा डबा आणि अँटेना कुणी ऑनलाइन दाखवेल. घेऊ नका. परवानगीशिवाय असा बूस्टर लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि वाईट म्हणजे तो टॉवरच्या कानात सतत गोंगाट करतो. तुमच्या माजघरात काड्या वाढतात आणि सबंध गल्लीचे कॉल तुटायला लागतात.

भाच्याच्या रिसेटबद्दल: पूर्ण फोन पुसायचा नाही, पण ‘रिसेट नेटवर्क सेटिंग्ज’ नावाचा वेगळा पर्याय आहे. त्यात वायफायचे पासवर्ड, ब्लूटूथच्या जोडण्या आणि हाताने भरलेलं एपीएन जातं. फोटो, नंबर, अॅप जागच्या जागी राहतात. वरचं सगळं करून झालं आणि ओटीवरसुद्धा नेट येत नसेल तरच ते करा, वायफायचा पासवर्ड आधी कागदावर लिहून.

तुम्ही परत गेल्यावर नानांना ‘तुमच्या सिमचं केवायसी संपलंय, नेट बंद होईल’ असे फोन येतील, येतातच. ‘एक अॅप टाका, आम्ही इथूनच दुरुस्त करतो’ म्हणून स्क्रीनचा ताबा घेतात. त्यांना एवढंच सांगून ठेवा की नेटचं काही असलं तर आधी तुम्हाला फोन, मग दुसरं काही. कंपनी सिमची तपासणी असल्या अॅपवरून करत नाही.

आणि ओटीवर, रस्त्यावर, सगळीकडेच आकडा उणे ११० च्या पलीकडे निघाला तर दोष घराचा नाही, कंपनीचा आहे. मग १९८ वर तक्रार नोंदवा. हा नंबर तक्रारीसाठीच आहे आणि फुकट आहे. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या आणि तक्रारीत पत्ता, पिनकोड, वेळ आणि घेतलेले आकडे सांगा. ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगितलं तर ‘फोन रिस्टार्ट करा’ एवढंच उत्तर मिळतं. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. पोर्ट करायचंच ठरलं तर शेजारच्या वाड्यातल्या कुणाचा फोन त्यांच्या माजघरात कसा चालतो ते आधी विचारा, आणि शक्य तर त्याच्याच फोनवर नानांच्या घरात आकडा घेऊन बघा. कंपनीच्या संकेतस्थळावरचा कव्हरेजचा नकाशा रस्त्यावरचं सांगतो, माजघरातलं सांगत नाही.

इथे आल्यावर मला फोनचं मॉडेल, दोन्ही सिमच्या कंपन्या आणि ओटी, चौक, माजघर या तीन जागांचे दोन्ही सिमचे आकडे कळवा. त्यावरून राउटर नेमका कुठे लावायचा ते सांगतो, म्हणजे फायबरवाल्याला एकाच फेरीत काम उरकता येईल.